शलाकाचे त्रिकोण

शलाका मुळात रागीट नव्हती. तिला रागीट केलं युट्रेख्ट या डच शहरातल्या वन-बेडरूम फ्लॅटने आणि लॉकडाऊनने. घरात टेबल एकच. त्यावर ओमकारचे दोन मॉनिटर, कारण नवरा झुइडासच्या, म्हणजे बड्या बँका-कंपन्यांच्या भागातल्या, नोकरीतला. ही इस्त्रीच्या स्टँडवर लॅपटॉप ठेवून उभी, कारण हिचं काम म्हणे हॉबी!

हॉबी म्हणजे काय, तर एका खासगी संग्रहातली किमयागाराची जुनी लॅटिन पोथी स्कॅनवरून जशीच्या तशी उतरवायची. पुण्यात केमिस्ट्री शिकवणारी बाई नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर इथे आली, लॅटिन शिकली आणि वर्षभर बिनपगारी राबली. काम संग्रहाच्या प्रमुखबाईंना पसंत पडलं तर पुढच्या पोथीसाठी पगारी नेमणूक मिळणार होती, या देशातली तिची पहिली.

किमयागार आगीसाठी △ काढत, टोक वर असलेला त्रिकोण. पण हा लिहिणारा कुठे त्रिकोण काढी, कुठे 'इग्निस' हा आगीचा अख्खा लॅटिन शब्द लिही. आळशी असेल, म्हणून आधी पोथी वाचणाऱ्या सगळ्यांनी सोडून दिलं होतं. शलाकाने सोडलं नाही. आठ महिन्यांनी तिला उमगलं: भट्टीत खरोखर पेटवलेल्या आगीला तो त्रिकोण काढतो, नरकातली, प्रेमातली, नुसती बोलायची आग अक्षरांत लिहितो. हा शोध तिचा एकटीचा होता.

दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये, मुदतीच्या दिवशी, ती लस घेऊन परतली तर ओमकार खुशीत.

"अगं, तुझ्या फाइलमध्ये सगळीकडे त्रिकोण दिसत होते. फॉन्टचा लोचा. छोटी स्क्रिप्ट लिहिली, नऊशे बारा ठिकाणी इग्निस टाकलं. तुझ्या मेलवरून सबमिटपण केलं. थँक्यू म्हण!"

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला विचारलंस?"

"हेल्पच केली ना!"

"तुझ्या कोडला मी कधी न विचारता हात लावते?"

"ते ऑफिसचं काम आहे, शलाका."

झालं. तिने त्याचे दोन्ही मॉनिटर उचलून पलंगावर ठेवले, टेबलाशी बसली, आपली कालची प्रत शोधली आणि संग्रहाच्या प्रमुखबाईंना लिहायला घेतलं. मागून वाचता वाचता ओमकार चपापला.

"माझं नाव कशाला? टेक्निकल एरर म्हण ना."

"पोथीत मागाहून कोणी हात घातला, तर तो कोणाचा हे नोंदवायचंच असतं. नियम आहे."

आणि तिने ओळ पुरी केली: 'सकाळी पाठवलेल्या प्रतीतले सर्व बदल दुसऱ्या हाताचे. हात ओमकारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. मला विचारलं नव्हतं.'

खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, कालची प्रत जोडली आणि मेल पाठवून दिली.