ड्रायव्हरच्या उजवीकडे

मी भित्रा माणूस आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. आमचं घर कळंब्याच्या बाजूला. शाळेला जाता-येता तुरुंगाची लांबलचक भिंत दिसायची. कोल्हापुरात कुणाला दम द्यायचा तर कळंब्याला धाडीन म्हणतात, आणि आम्ही तर राहायलाच तिकडे, त्यामुळे मित्र भरपूर चेष्टा करायचे. मीही हसायचो, पण भिंतीच्या कडेने चालायचं टाळायचो. पुढे मोठेपणी दोन वर्षं अशी गेली की त्या भिंतीकडे बघण्याचीसुद्धा हिंमत होईना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जोतिबाच्या डोंगरावरच्या एका हायस्कूलमध्ये मी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. खुर्चीवर बसून करायच्या नोकरीला लागलेला आमच्या घरातला मी पहिला. वडील जन्मभर फाउंड्रीत भट्टीसमोर उभे राहिले. एसटीची वेळ शाळेशी जुळत नव्हती म्हणून मी वडापने जायचो. वडाप म्हणजे मावतील त्याहून जास्त माणसं भरून, जागोजागी थांबत जाणारी जीप. तिला परवाना असायचा तो एकाच पार्टीला ठरवून नेण्याचा, म्हणजे लग्नाचं वऱ्हाड किंवा देवदर्शनाची मंडळी. वाटेत भेटेल तो प्रवासी घ्यायला बंदी. त्यामुळे पोलिसाने हात केला की जीपमधले सगळे एका घरचे व्हायचे.

आमचा ड्रायव्हर जीपचा मालकही होता आणि या नात्यांचा दिग्दर्शकही. नाका यायच्या आधी तो आरशात बघून सगळ्यांना बजावायचा.

"काल लग्न हुतं, आज बारसं हाय बरं का. रोज लग्न म्हटलं की सायबाला बी संशय येतोय."

मागच्या बाजूने कुणीतरी विचारायचं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगी. आनि पावण्यांनो, जरा हसत बसा की. बारशाला निघालाय तुमी."

ते सगळं फार मजेचं होतं. कधी साखरपुडा, कधी जावळ, तर कधी रक्षाविसर्जन, तेव्हा मात्र हसायला बंदी. खोटं बोलतोय असं कुणालाच वाटायचं नाही. मलाही नाही, आणि मी तर मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होतो.

पुढच्या बाजूला आम्ही चौघं बसायचो. डावीकडे दाराला नारळवाल्या मावशी, मग आणखी कुणीतरी एक, मग ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्या उजवीकडे, तो आणि दार यांच्या सांदीत, मी. "सर, तुमी बारीक हाय, हिकडं या," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ती माझी कायमची जागा झाली. तो निम्मा सीटवर, निम्मा माझ्या मांडीवर बसून गाडी हाकायचा. पहिले चार दिवस माझा जीव मुठीत असायचा. मग सवय झाली.

मावशींचं डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान होतं. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी लग्नाची. मला रोज खोबऱ्याचा तुकडा द्यायच्या. जीप भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा, तेवढ्या वेळात बॉनेटवर वही ठेवून मी त्यांना सही शिकवली. त्यांच्या नावात तीनच अक्षरं, पण मधलं काही केल्या सरळ यायचं नाही, पाय घसरल्यासारखं खाली जायचं. तरी सही आली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या जीपला खोबरं वाटलं आणि जाहीर केलं, "आता माजा अंगठा बंद."

अपघाताच्या दिवशी सहामाही परीक्षेचे पेपर तपासून मी शाळेत परत नेत होतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून मांडीवर घेतला होता. घाटातल्या वळणावर वरून एक ट्रक अंगावर आला. ड्रायव्हरने स्टिअरिंगचं चाक डावीकडे घेतलं, ट्रक निसटून गेला, आणि आता कठडा चुकवायला चाक लगेच उजवीकडे फिरवायला हवं होतं. ते फिरलं नाही. माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याला ते अडकलं. सुतळीचा हिसका मला पोटात जाणवला. मी गठ्ठा मागे खेचला तोवर जीपचा डावा कोपरा कठड्याला घासत गेला होता. मावशींनी डाव्या हाताने मांडीवरची पिशवी धरली होती, आणि उजवा हात पुढून नेऊन बाहेरच्या दांडीला धरला होता.

मला ओरखडासुद्धा आला नाही. कठडा होता म्हणून गाडी खाली गेली नाही. मावशींचा हात डॉक्टरांनी कोपराच्या वरून काढला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार एकेकाचा जबाब घेत होता. तिथे आम्ही सगळ्यांनी जन्मात विसरणार नाही अशी चूक केली. परवान्याची भीती आणि रोजची सवय. कुठं निघाला होता असं विचारल्यावर एकाने सांगितलं, बारशाला. दुसऱ्याच्या तोंडून आलं, साखरपुड्याला. एक म्हातारे रक्षाविसर्जन म्हणाले. मी लग्न म्हणालो, ते कालचं होतं. हवालदार मान वर न करता लिहीत राहिला.

"बसला कुठं हुता?" त्याने मला विचारलं.

"मागं," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. मला तो बोलायचाही नव्हता. जिभेवर आला आणि बाहेर पडला, कारण डोळ्यांसमोर कळंब्याची भिंत उभी राहिली होती. ड्रायव्हरनेही तेच सांगितलं. मागच्या लोकांना माझ्याबद्दल कुणी विचारलंच नाही. कागदोपत्री दोष पळून गेलेल्या ट्रकचा ठरला, आणि त्या ट्रकचा नंबर कुणी बघितला नव्हता.

मावशींना भेटायला मी दवाखान्यात दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. शाळेला एसटीने जायला लागलो, रोज पहिला तास बुडायचा, तरी. घरी कुणाला काही सांगितलं नाही. मात्र आमच्याकडे रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते, वडील म्हणतात आणि आम्ही मागोमाग म्हणतो. एकदा ते सहज म्हणाले, "पंचशील म्हणताना चौथ्याला तुझा आवाज बारीक होतोय अलीकडं. घसा बघ दाखवून." चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी दुसऱ्या दिवशी खरंच डॉक्टरकडे जाऊन गोळ्या घेऊन आलो.

दोन वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. मावशींनी जीपचा मालक आणि विमा कंपनी यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता आणि मला साक्षीला बोलावलं होतं. समन्स हातात धरून मी मोरीत जाऊन बसलो, कारण आमच्या घरात कडी असलेली तेवढी एकच जागा होती. मावशींच्या वकिलांनी समजावून सांगितलं ते असं. आपल्या ड्रायव्हरची चूक शाबित झाली तरच कंपनी भरपाई देणार. कंपनी म्हणते, चूक सगळी ट्रकची, आमचा काही संबंध नाही. बाकीच्या साक्षीदारांचा उपयोग नाही, कारण त्यांची बारशी-साखरपुडे जबाबात आहेत आणि त्यांच्यावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. शिक्षकाच्या शब्दाला वजन असतं. तेव्हा गाडी बेफाम होती एवढं तुम्ही सांगा.

त्याच आठवड्यात ड्रायव्हर शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला. वाळला होता.

"सर, मागं बसलंता म्हणून सांगिटलंय न्हवं, त्येच धरून ऱ्हावा," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढं चौघं हुतो म्हटलं की मी आत जातोय. आनि मग तुमाला बी इचारतील, मांडीवर काय हुतं म्हणून."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. मला वाटलं होतं, ते फक्त मला माहीत आहे.

साक्षीच्या दिवशी वडिलांनी माझा शर्ट स्वतः इस्त्री केला. मुलगा कोर्टात साक्षीला चालला याचा त्यांना अभिमान वाटत होता. निघताना एवढंच म्हणाले, "देवाची शपथ घ्यायला लावतील. आपण प्रतिज्ञा घ्यायची. तसं कायद्यात आहे." मी मान हलवली. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर कारकुनाने ईश्वरसाक्ष म्हणायला सांगितलं, तेव्हा मी प्रतिज्ञेवर सांगतो असं म्हणालो. शपथ मोडली तर देव काय ते बघून घेईल, अशी सोय मला नव्हती. जे काही होतं ते माझं मलाच बघायचं होतं.

मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या. उजव्या बाजूचा पदर पुढे ओढून घेतलेला. मी तिकडे बघितलं नाही.

गाडी जोरात होती, मी सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. माणूस सभ्य होता, आवाजही चढवला नाही.

"एकाच जीपमधून लग्न, बारसं, साखरपुडा आणि रक्षाविसर्जन," ते जबाब चाळत म्हणाले, आणि कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. "तुम्ही लग्नाला निघालेले. असू दे. तुम्ही मागे बसला होता. पुढे माणसं. तुम्हाला ना ट्रक दिसला, ना ड्रायव्हरचे हात दिसले. बरोबर?"

मी त्यांच्या हातातल्या कागदांकडे बघत होतो.

"तुमच्या एकट्याच्या जबाबावर मी बोलत नाही. अर्जदार बाईंनी स्वतः दवाखान्यात तेच सांगितलंय." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "वाचा. 'शाळेचे सर मागच्या सीटवर बसलेले होते.' खाली त्यांचा अंगठा आहे."

डाव्या हाताचा अंगठा होता. शाई पसरलेली. हात काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशींनी तो दिला होता. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, गठ्ठा त्यांना माझ्याइतकाच दिसत होता. आणि तो एक शब्द त्यांनी माझ्यासाठी खोटा सांगितला होता, ज्याच्यामुळे त्यांचाच दावा आता बुडत होता. मला रडू आलं. भर कोर्टात, पस्तीस पोरांना दम देणारा मी.

"त्या सही करतात," मी म्हणालो.

"काय?"

"त्यांना सही येते. मी शिकवली." मग बाकीचं आपोआप आलं. "मी मागं नव्हतो. ड्रायव्हरच्या उजवीकडे होतो. पुढे आम्ही चौघं होतो. माझ्या मांडीवर पेपरांचा गठ्ठा होता. चाक त्याला अडकलं."

वकील खाली बसले. न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला, गठ्ठा केवढा होता. मी दोन्ही हातांनी दाखवलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं. कुणी अडवलं नाही, कळंब्याला नेलं नाही. बाहेर आल्यावर मी नळाखाली डोकं धरलं.

मावशी मागोमाग आल्या. रागावल्या होत्या.

"कशाला बोललासा सर? मी सांगिटलंतं की, मागं हुता म्हणून."

"मावशी, गठ्ठा माझा होता."

"म्या बघितलाता की. म्हणून तर." त्यांनी मला वर-खाली न्याहाळलं. "तुमी ह्ये असं बारीक. आत घातला असता तर जगला असता व्हय?"

निकाल मावशींच्या बाजूने लागला. एवढी माणसं कोंबून गाडी हाकणं हीच ड्रायव्हरची चूक, असं न्यायाधीशांनी लिहिलं. ड्रायव्हरवर पुढे खटला झाला, लायसन्स गेलं. तो आत गेला नाही, पण जीप विकली. रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. मीही त्याला हाक मारत नाही, कारण काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

भरपाई मिळायच्या दिवशी मावशींनी मला कोर्टात बोलावून घेतलं. कारकुनाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. मावशींनी ते डाव्या हाताने परत त्याच्याकडे सारलं आणि माझ्याकडे बघितलं. टेबलावर जागा नव्हती. मी बाकावर बसलो, फाइल मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं. बराच वेळ लागला. मधलं अक्षर पहिल्यासारखंच खाली घसरलं.