वरून ओतलेलं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि हे गेले तेव्हा, लाज वाटते लिहायला, पण जरा हलकंच वाटलं. एक विचारणारा कमी झाला. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आज मला पाहाल तर कोथरूडातली एक वात्रट म्हातारी दिसेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीची नक्कल करणारी. पण मी एके काळी परवाना असलेली हौशी रेडिओवाली होते, हे पटेल? घरीच यंत्र जुळवायचं, गच्चीवर तार ताणायची आणि मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून परमुलखातल्या माणसाला विचारायचं — काय, ऐकू येतंय का? मी आणि माझी नणंद वसू, दोघींनी परीक्षा एकदमच दिली. ती पहिल्या खेपेला पास झाली. मी दुसऱ्या. तेव्हाची मी म्हणजे नाकावर चष्मा आणि चष्म्याच्याही वर नाक. ती दुसरी खेप मला किती वर्षं बोचली असेल?

यंत्रातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, वसूनं घरीच केला होता. पत्र्याच्या पट्ट्या, समोरासमोर, जवळ पण एकमेकींना न टेकणाऱ्या — घरातल्या बायकांसारख्या, असं मी म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर हसायचे. विजेचा दाब वाढला की पट्ट्यांमधल्या हवेतून ठिणगी उडायची. म्हणून तिनं त्या पट्ट्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत बसवल्या आणि बरणी ट्रान्सफॉर्मरच्या तेलानं भरली. हवेला झेपत नाही ते तेलाला झेपतं. फक्त तेल कोरडं हवं, त्यात पाण्याचा अंशही नको. ती ते मंद आचेवर तापवत बसायची. मग एक थेंब तापल्या तव्यावर टाकायची आणि कान द्यायची. चर्र झालं तर पाणी आहे, पुन्हा तापवा. नाही झालं, तरच बरणी भरायची.

क्लबची स्पर्धा होती, जास्तीत जास्त देश गाठण्याची. वसू महिनाभर त्याच नादात होती. त्या सकाळी ती अंघोळीला गेली आणि शेजारच्या दोघी डोकावल्या. आता मला गप्प बसवेल? मी बरणी उचलली, झाकण काढलं. म्हटलं, हे पाहा आमचं विजेचं लोणचं. त्या हसल्या. मला चेव आला, बरणी कलती करून आत दाखवायला गेले — आणि तेल सांडलं. पट्ट्यांची टोकं उघडी पडली. त्या दोघी हसतच गेल्या; सांडल्यानं काय बिघडतं, हे त्यांना काय कळणार?

गॅलरीत तेलाचा डबा होता. सगळा पावसाळा सैल झाकणानं तिथंच पडलेला. त्यातलं तेल न तापवता वापरायचं नाही, हे मला माहीत होतं. नीट वाचा — मला माहीत होतं. पण तापवायचं म्हणजे सांडलं हे वसूला सांगणं आलं. आणि पहिल्या खेपेला पास झालेल्या पोरीसमोर मी कबूल करायचं? मी वरून तेल ओतलं, झाकण लावलं, पदरानं टेबल पुसलं. तेलात तेल, कोण बघतंय?

वसू ओल्या केसांनी येऊन बसली. यंत्र तापलं. तिनं मोर्सची की, संदेश ठोकायची कळ, दाबली. पाणी तेलाखाली जाऊन बसतं — थेट पट्ट्यांच्या तळाशी. आवाज एकच झाला. बरणी फुटली आणि ते पेटतं तेल तिच्या उजव्या हातावर आलं.

सासरे धावत आले, हे आले, त्या दोघी आल्या. हातावर पाणी ओतणं चाललं होतं. कुणी कुणाला काही विचारलेलं नव्हतं. अजून नव्हतं. आणि मी विचारलं,

"वसू, तेल नीट तापवलं होतंस ना?"

एवढंच. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं त्या वेदनेतही आठवून पाहिलं. म्हणाली, "तापवलं होतं... असं वाटतंय."

तेल ओतणं हा हलगर्जीपणा होता असं एक वेळ म्हणता येईल. पण त्या प्रश्नाला काय म्हणाल?

हात बरा झाला. दोन बोटं वाकडी राहिली. मोर्सची की त्याही हातानं चालली असती, पण तिनं पुन्हा हात लावला नाही. सासऱ्यांनी गच्चीवरची तार उतरवली. मीही परवाना सोडला, आणि नणंदेसाठी वहिनीनं हौस सोडली म्हणून नातेवाइकांत माझं कौतुक झालं. मी ते घेतलं. नको म्हटलं नाही.

तेव्हापासून वसूचा स्वतःच्या हातांवर विश्वास नाही. आता ती कात्रजला मुलाकडे असते. तिथून फोन करते — वहिनी, मी निघताना गॅस बंद केला होता ना गं? मी तिथं नसतेच. तरी म्हणते, केला होतास. लग्नाकार्यात मी तिची नक्कल करत आले — कुलूप ओढून बघणारी, परत फिरणारी वसू. मांडवभर लोक हसतात. तीही हसते. मला रात्रंदिवस काय ऐकू येतं ते मात्र मांडवात करून दाखवता येत नाही. रोज फोडणी टाकली की कढईत चर्र होतं, आणि मी क्षणभर मागं सरते. सुनेला वाटतं, तेल उडेल म्हणून.

गेल्या महिन्यात वसू आली होती. मटार सोलत होतो. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी मी तेल तापवलं होतं का गं?"

तिनं ते तापवताना मी शेजारी उभी होते.

"आता इतक्या वर्षांचं कुणाला आठवतंय?" मी म्हटलं.

"खरंय. माझंच काहीतरी राहिलं असणार," ती म्हणाली आणि शेंगांचा ढीग पुढं ओढला. जाताना जिन्यात थांबली. तू होतीस म्हणून सावरले गं मी, म्हणाली. मी म्हटलं, पोचलीस की फोन कर.

तिनं केला. आम्ही बराच वेळ बोललो. पाणी किती वाजता येतं, भाजी काय केली, नातीची परीक्षा. मी खूप बोलले.