अंघोळीच्या पाण्यावरचा स्तूप

लातूर नवा जिल्हा झाला त्याच सुमारास दुष्काळ पडला. मुरुडकडच्या आमच्या गावात टँकर एक दिवसाआड यायचा. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात आमच्या वस्तीला विहाराचा स्तूप दुरुस्त करायची हौस आली! हौस कसली, जिद्दच. धम्म घेतल्यावर थोरामोठ्यांनी आपल्या हातांनी बांधलेला तो स्तूप. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, त्याचे दगड डोक्यावर वाहिले होते. आता घुमटाला भेगा गेल्या होत्या आणि बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती.

दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी स्तूपावर राबायचं. नवा गिलावा झाला तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. मग ध्यानात आलं, सिमेंटला रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते तडकतं. भर वैशाखात पाणी आणायचं कुठून? भंतेजी म्हणाले, "तडकला तर तडकू द्या. आधी माणसं जगू द्या."

आत्याबाईंना ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवंडांना घमेल्यात उभं करून अंघोळ घातली आणि तेच पाणी बादलीत भरून निघाल्या. साबण त्या दिवसांत बंदच होता.

विहाराच्या दारात चुलत सासरे आडवे आले. "अंगावरचं पाणी स्तूपाला? बाटवता का काय?"

आत्याबाई थोरल्या दिरापुढे कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी उघडलं. "भावजी, आपल्या हातानं पाणी बाटतंय म्हणून आपल्याला हिरीवर चढू देत न्हवते. ते समदं सोडून आलो न्हवं आपण? मंग आता कुणाचं पाणी बाटतंय?"

भंतेजींनी बादली घेतली आणि ओल टिकावी म्हणून घुमटावर पांघरलेल्या गोणपाटावर ओतली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या सकाळी मी आमची बादली घेऊन गेले, तर गोणपाट आधीच चिंब. चुलत सासरे उघड्या अंगानं, रिकामी बादली घेऊन परत निघाले होते.

"बघतीस काय, सूनबाई? सासूला सांगू नको."

मी अर्थातच सांगितलं.

मग घरोघरच्या बादल्या येऊ लागल्या. पौर्णिमेला चुना दिलेला घुमट पांढराशुभ्र उभा होता, एक चीर नाही. आत्याबाई त्यावर हात फिरवत राहिल्या.

मोठमोठे स्तूप पाहून आलेले पाहुणे आमचा बघून म्हणतात, "लहानच आहे की." असू द्या. अख्ख्या वस्तीची अंघोळ प्यायलाय तो.