रविवारची राणीघरं

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, हे मी आमच्या सासऱ्यांकडे बघून शिकले. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मधमाशापालनाच्या शिबिराला चार दिवस गेले आणि परतले ते थेट तज्ज्ञ होऊन. सोबत सातेरी जातीच्या माशांची एक पेटी आणली. ती परसात शेवग्याखाली लाकडी घोडीवर बसवली. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्या रोज भरायचं काम माझं, कारण तज्ज्ञ माणूस वाट्या भरत नसतो.

ऐंशीच्या दशकातल्या भिवंडीत घरामागे परस असणं हीच मोठी चैन होती. आमच्या परसाच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. दिवसरात्र खडखडाट. "या आवाजात माशा टिकायच्या का, मास्तर?" असं कुणी विचारलं की सासरे म्हणत, "आपण टिकलोच ना?"

टिकलो होतो, पण कसे ते त्यांना विचारू नये. माझा नवरा लूमवर रात्रपाळीला जायचा. दिवसा झोपायला त्याला जी खोली होती, तिच्यातच सासरे शिकवण्या घेत. गल्लीतली सगळी कार्टी त्याच्या डोक्याशी बसून एकोणतीसचा पाढा ओरडायची. एकदा लूमवर त्याला डुलकी लागली आणि हाताचं बोट जाता जाता वाचलं. त्या दिवशी मी ठरवलं की वेगळं राहायचं. निजामपुऱ्यात एका माडीवर दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या. माझ्या नवऱ्याने घाबरत घाबरत विषय काढला.

"एक घर, एक चूल," सासरे म्हणाले. "गेलात तर जन्मात तुमची पायरी चढणार नाही मी."

सासूबाई वाल सोलत होत्या. त्या जवळच्याच वळ गावच्या, शेतकऱ्याची लेक. त्यांनी मान वर केली नाही. विषय लोंबकळत राहिला.

तेवढ्यात परसातला आंबा मोहरला, शेवगा फुलला आणि पेटी माशांनी गच्च भरली. अशा वेळी माशा पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं बांधतात. शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबतात ती. त्यांत नवी राणी तयार होत आली की जुनी राणी निम्म्याअर्ध्या माशा घेऊन निघून जाते आणि भरलं घर लेकीला ठेवते. शिबिरात हे सगळं शिकवलं असणारच. सासऱ्यांनी त्यातलं 'निघून जाते' एवढंच ऐकलं.

मग दर रविवारी तमाशा. डोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा, एका हातात धुमसणारं नारळाचं सोडण, दुसऱ्यात दाढीचं जुनं पातं. एकेक चौकट उचलायची आणि दिसेल ते राणीघर कापायचं. "फुटू द्यायचंच नाही," ते म्हणत, आणि म्हणताना बघत माझ्याकडे. जणू मीच त्या चौकटीला लोंबत होते.

एक राणीघर कुठल्यातरी कोपऱ्यात त्यांच्या नजरेतून सुटलं. ऐन दुपारी पेटीच्या दारातून माशा भसाभसा बाहेर पडल्या आणि त्यांचा थवा आंब्याच्या फांदीला लटकला. अख्खी गल्ली परसात जमली. थाळ्या वाजवल्या म्हणजे माशा पळत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. झालं, बायकांनी थाळ्या बडवायला घेतल्या. लूमच्या खडखडाटाला न घाबरलेल्या माशा म्हणे थाळीला घाबरणार! कुणी माती उधळली, ती सासऱ्यांच्या डोळ्यांत गेली. ते स्टुलावर चढून काठीला बांधलेली पिशवी नाचवत होते, आणि थवा त्यांच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे गेला. कारखान्याच्या बंद पंख्यामागे पोकळी होती, तिच्यात शिरला.

सासरे तसेच तिकडे धावले. यूपीचा एक कारागीर दारात विडी ओढत उभा होता. तो म्हणाला, "रहने दो मास्टरजी, अपनी मर्ज़ी से आई हैं."

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. आमचे शहाणे त्या रविवारी पुन्हा पेटीशी बसले आणि मागे उरलेलं एकूण एक राणीघर त्यांनी कापून काढलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "आता बघतो कोण जातं ते!"

आम्ही गेलो. महिन्याभरातच टेम्पोत सामान भरलं. सासरे पाठ करून शिकवणी घेत बसले होते. निरोपाला पाढा मिळाला.

पेटीचं काय झालं ते सासूबाईंनी सांगितलं. शेवग्याच्या शेंगा घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या. "पेटी मेली. अंडी न्हाय, पिल्लं न्हाय, पोळ्याला मेनकिडा लागला. जानारी गेलीच. जी ऱ्हायली हुती, तिला बी राणी ऱ्हाऊ दिली न्हाय यानी." मी हसले, आणि मला चांगलं गारगार वाटलं. पंख्यामागचं मोहोळ मात्र खडखडाटात मजेत वाढत होतं, हेही त्याच सांगून गेल्या.

सासऱ्यांनी कुठूनतरी नवी पेटी आणली. सणावाराला मी जायची, तेव्हा ते माझ्याशी बोलायचे नाहीत. मी समोर बसलेली असताना सासूबाईंना सांगायचे, "तिला चहा दे." वर्षभर मी त्या घरात 'तिला' होते. आमची माडी तर त्यांनी लांबूनही पाहिली नव्हती. माझा नवरा आता दिवसा पोटभर झोपायचा, पण उठल्यावर पहिलं वडिलांचं विचारायचा, "दादा आले होते का?" मला त्याचा राग यायचा, आणि त्यांचा त्याहून जास्त.

पुढच्या वर्षी आंबा मोहरला तेव्हा मी सासरच्या परसात सासूबाईंचे पापड वाळत घालत होते. भर उन्हात माशा भसाभसा बाहेर पडल्या. गल्ली थाळ्या घेऊन हजर झालीच. "ठेवा ती भांडी!" सासरे ओरडले, आणि खुर्ची आणून आंब्याखाली बसले. थवा फांदीला लटकला होता, ते नुसते बघत राहिले. मग थवा उठला, भिंतीवरून गेला, दिसेनासा झाला. ते उठले, मच्छरदाणी डोक्यावर घेऊन त्यांनी पेटी उघडली आणि एक चौकट माझ्यासमोर धरली. खालच्या कडेला एक राणीघर होतं.

"हे कापलं नाही मी," ते म्हणाले. वर्षभरात सरळ माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"दिसतंय," मी म्हटलं.

त्यांनी चौकट जागेवर ठेवली, मच्छरदाणी डोक्यावरून काढली आणि सासूबाईंना हाक मारली, "माझ्या चपला कुठे आहेत? हिचं घर बघून येतो."

वर्षभर धार लावून ठेवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी सोडणार नव्हते. "जिना उभा आहे," मी म्हणाले. "बावीस पायऱ्या. चढवेल तुम्हाला?"

"चढतो की," ते म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.