काही राहिलं असंल तर

निलंग्यात आमच्या एका मित्राचं चष्म्याचं दुकान आहे. गावोगावच्या वाचनालयांसाठी आम्ही चौघं एक मोफत सॉफ्टवेअर चालवतो, म्हणजे बहुतांशी तोच चालवतो. बिलोलीहून कुणी तक्रार केली की तो हातातली काच पुसत म्हणतो, “हाव, बघायलोय,” आणि चहा येईपर्यंत दुरुस्ती झालेली असते.

यंदा आम्ही अनुदानासाठी अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता: पैसे मिळाले नाहीत तर काम कोण चालू ठेवणार? आम्हाला न विचारता त्यानं तिथं एकट्याचंच नाव लिहिलं आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

“वाचून घ्या. काही राहिलं असंल तर सांगा.”

आम्ही तिघांनी वाचलं. काही राहिलंय, असं कुणीच म्हणालं नाही.