ओट्याखालची जागा

भूकंपानंतर आमच्या भागात दगडाची पत गेली. ज्या भिंतींच्या रुंदीवरून घराचा मोठेपणा सांगायचे, त्याच भिंती अंगावर आल्यावर लोकांनी दगडाकडे पाठ फिरवली आणि सिमेंट-लोखंडावर देवासारखी भिस्त ठेवली. आई त्यांच्याही पुढं गेली. तिनं भिंतीवर भरवसा ठेवायचंच सोडलं.

गावच्या आमच्या स्वयंपाकघरात भिंतीत फळीसारखी आडवी शहाबादी फरशी बसवलेली होती, तिच्यावर पितळेच्या घागरी. खाली गार लागतं म्हणून माझा धाकटा भाऊ तिथंच झोपायचा. त्या पहाटे भिंत हलली आणि फरशी घागरींसकट त्याच्यावर आली. एवढंच मी सांगू शकते. यापेक्षा जास्त आईनंही कधी सांगितलं नाही.

वडील शेतीपाशी, नव्यानं वसवलेल्या गावात राहिले आणि आम्ही मायलेकी लातूरला आलो. शिकवणी वर्गांचे दिवस भरात होते. भोकर, रेणापूर, देगलूर, कुठून कुठून डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली आमच्या गल्लीत खोल्या घेऊन राहायच्या. आईनं त्यांच्यासाठी खानावळ काढली. आमच्या घरात भिंतीला एक फळी नव्हती, खिळा नव्हता. देवाची तसबीरसुद्धा पाटावर टेकवलेली. आई खाली बसून भाकरी थापायची, मुली चुलीभोवती बसून गरम गरम खायच्या. झोपायला मात्र आई अंगणातल्या पत्र्याखाली. थंडीचे दिवस असोत की पावसाचे, चार भिंतींत तिचा डोळा लागायचा नाही. मी चिडायचे, समजावायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसणं बंद केलं. उभ्यानं रांधायला ओटा झाला तर खानावळ चालणार, नाहीतर नाही. आणि त्या मुली जेवायला यायच्या थांबल्या, तर आई दिवसभर कुणाची वाट बघणार?

कडाप्प्याचा ओटा घालू म्हटलं, तर दगडाचं नावही नको. शेवटी गल्लीतल्या मिस्त्रींनी अंगणातच सळया घालून काँक्रीटचा जाड स्लॅब ओतला. आईनं त्यावर गोणपाट अंथरलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. दगड नको म्हणता म्हणता दगडाच्या बापालाच आम्ही घरात आणत होतो, पण हे मी बोलून दाखवलं नाही.

मिस्त्रींनी खाच पाडायला भिंतीवर छिन्नी ठेवली, तेव्हा दोन मुली जेवत होत्या. हातोड्याचा पहिला दणका बसला आणि जमीन हलकेच थरथरली. आई समोरच उभी होती, हातोडा तिला दिसत होता. तरी तिनं दोघींची मनगटं धरली आणि ताटावरून उठवून त्यांना अंगणात ओढत नेलं. तव्यावरची भाकरी जळाली. मुली उष्ट्या हातांनी बघत राहिल्या.

"भितीत न्हाई जायाचं," आई धापा टाकत म्हणाली. "खाली पाय द्या त्येला."

"पाय देतोच, माय," मिस्त्री म्हणाले. "पण भितीत धरल्याबिगर त्यो डुलंल. म्या सळया आत घालून राहिलो, दोन्हीकडनं धरंल."

"लेकरं बुडी बसत्यात त्येच्या, खाली."

मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली. गल्लीत सगळ्यांना आमची गोष्ट ठाऊक होती. शेवटी आईच म्हणाली, "बशिवा. पण मी सांगस्तवर कुणी बुडी बसायचं न्हाई."

चौघांनी मिळून स्लॅब उचलला, खाचेत सारला, खाली विटांचे पाय बांधले, लाकडी टेकू लावले. ते टेकू असेपर्यंत आईनं मुलींना ओसरीतच वाढलं.

टेकू काढले त्या दुपारी आईनं ओटा पुसला, हळदकुंकू वाहिलं. आता दूध उतू घालायचं म्हणून मी पातेलं घेतलं, तर तिनं हातानं थांबवलं. वाकळ आणली, ओट्याखाली अंथरली, आणि गुडघे धरत धरत तिच्यावर आडवी झाली.

"ज्वारीचं पोतं ठिव वर," ती आतून म्हणाली. "पाटा ठिव. घागर भरून ठिव."

"आई, उठ बघू. हे काय आता?"

"परक्याची लेकरं हायत. आधी मी."

पातेलं हातात घेऊन मी उभीच राहिले. मिस्त्रींनी पोतं उचलून ओट्यावर ठेवलं, मग पाटा. घागर मी भरली. ती ठेवताना मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते आजही सांगता येत नाही.

आईनं हात वर करून स्लॅबची खालची बाजू चाचपली. तिथं ओततानाच्या फळ्यांचे वण उमटले होते. बराच वेळ तिचा तळवा तिथंच होता. मग हात खाली आला. मी घाबरून वाकले. तिचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ चालला होता. मिस्त्रींनी आवाज न करता अवजारं गोळा केली आणि निघून गेले.

थोड्या वेळानं मुली वर्गावरून आल्या, नेहमीसारख्या भुकेल्या, बडबडत. मी दारातच त्यांना अडवलं.

"आज अंगणात जेवा," मी म्हणाले. "हळू बोला. आई घरात झोपलीय."