कानाशी वाचलेलं गाणं

माझं कन्नड ऐकून मी मराठी घरातला आहे हे कुणाला खरं वाटत नाही. कोप्पीकर रोडवरच्या पंपांच्या दुकानात मी नऊ वर्षं विक्री सांभाळली ती या जिभेच्या जोरावर. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. माझ्याकडे तर चांगले पंप होते. पण कन्नड वाचता मला येत नव्हतं. एक अक्षरही नाही. शाळा झाली आजोळी, चंदगडकडे, आणि इथे आल्यावर ‘उद्या शिकू’ म्हणता म्हणता केस पिकले. दुकानात पत्र आलं, शेतकऱ्याचा अर्ज आला, की मी चष्मा पुसत बसायचो आणि शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस वाकून माझ्या कानाशी हळूच वाचायचा. आमच्या दोघांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या वर्षी मालकांनी कलघटगीला दुसरं दुकान काढायचं ठरवलं. तिथला कारभार माझ्याकडे द्यायचा की हिशेबनिसाकडे, हे ते एका शनिवारी जेवताना सांगणार होते. मला ती जागा हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. माझे सासरे लोकांना ‘जावई दुकानात असतात’ एवढंच सांगून विषय बदलत. ‘जावई दुकान चालवतात’ हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

जेवण उणकलच्या एका बारमध्ये होतं. तिथे दर शनिवारी कराओके असतं, हे मला आत गेल्यावर कळलं. मी निवांत होतो. गणपतीत मी हिंदी गाणी म्हणतो, लोक वाहवा करतात. पण मालक दुसरा ग्लास संपवून उठले आणि स्वतःच जाऊन गाणं निवडून आले. कन्नड, जुनं, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं. चाल माझ्या कानावर होती, शब्द नव्हते.

“हाडरी!” त्यांनी माईक माझ्या हातात कोंबला. म्हणजे, म्हणा! “आणि चष्मा विसरलो म्हणू नका. खिशात दिसतोय.”

सगळे हसले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पडद्यावर अक्षरं आली. गोल गोल, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. वाद्यं सुरू झाली. पहिल्या ओळीचा रंग पांढऱ्याचा पिवळा होत गेला आणि मी चष्मा लावून नुसता उभा. दुसरी ओळही पिवळी झाली. मालकांच्या कपाळाला आठी पडलेली मला त्या अंधारातही दिसली. मी खोकलो. घशाला हात लावला. हिशेबनिसाकडे बघितलंच नाही, कारण आज त्याने नुसतं बसून राहिलं असतं तरी जागा त्याची होती.

तोच खुर्ची सरकवून उठला. माझ्या खांद्यावर हात टाकून, थोडी जास्त झालेल्या माणसासारखा झुलत, त्याने तोंड माझ्या कानाशी आणलं आणि पुढची ओळ सांगितली. मी ती म्हटली. त्याने पुढची सांगितली. गाणं संथ होतं, आम्हाला नऊ वर्षांची सवय होती. लोकांना वाटलं, दोन मित्र रंगात आलेत. टाळ्या पडल्या. मालकांनी मला मिठी मारली आणि तिथेच जाहीर करून टाकलं, कलघटगी यांची.

टेबलापाशी आल्यावर हिशेबनिसाने माझा हात हातात घेतला. “अभिनंदन अण्णा,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “पण तिथे तुम्ही एकटेच असणार. वाचून कोण दाखवणार?”

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खरीच काळजी होती, म्हणून ते जास्त लागलं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली. वाढलेलं ताट तसंच ठेवून मी मालकांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता जागा त्याला मिळेल. मी स्वतःला फार मोठ्या मनाचा समजत होतो.

मालकांनी माझ्या खांद्यावरून हिशेबनिसाकडे बघितलं.

“म्हणजे माझा हिशेबनीस नऊ वर्षं माझ्यापासून लपवाछपवी करतोय.”

कलघटगीला मालकांचा भाचा गेला.

आठ दिवस हिशेबनीस माझ्याशी बोलला नाही. चहासुद्धा मागे गोदामात जाऊन प्यायचा. त्याच्या घरी त्याने बायकोला काय सांगितलं असेल, या विचाराने मला झोप लागत नव्हती. माफी मागायला दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. एवढा मी बोलघेवडा, पण तेवढं काही जमलं नाही.

नवव्या दिवशी एका शेतकऱ्याचा अर्ज आला. मी सवयीने तो त्याच्या टेबलाकडे सरकवला. त्याने तो दोन बोटांनी परत माझ्याकडे ढकलला, पिशवीतून आपल्या मुलीचं पहिलीचं कन्नडचं पुस्तक काढलं आणि अर्जावर ठेवलं.

“यापुढे मी वाचणार नाही,” तो म्हणाला. “तुम्ही वाचा. मी ऐकतो.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मालक गल्ल्यावर होते. मी पान उघडलं, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने वाचलं, “अ.”